द्राक्ष हंगामाआधी जँगो ॲप मॅनेज्ड क्लाउडवर नेताना: आधी काय वेगळे काढावे, मग कुठे ठेवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपूरमधील दोघांच्या एका छोट्या सॉफ्टवेअर संस्थेने निफाड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी द्राक्षखरेदीच्या नोंदींचे वेब ॲप्लिकेशन तयार केले आहे. ते जँगो (पायथॉनमधील वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालते. बागायतदार, त्यांचे प्लॉट, काटापावत्या, पावत्यांचे फोटो आणि देयके असा त्याचा पसारा आहे; बागायतदार ओटीपी टाकून आपला हिशेब पाहतात आणि त्यांच्या खात्यावर पैसे बँकेच्या एपीआयमार्फत (दोन प्रणालींनी आपसात बोलण्याच्या सोयीतून) जमा होतात. सध्या हे सगळे कंपनीच्या कार्यालयातील एका संगणकावर चालते. वीज गेली किंवा ब्रॉडबँड तुटले की काट्यावरची नोंद थांबते, म्हणून जानेवारीपूर्वी ते मॅनेज्ड क्लाउड प्लॅटफॉर्मवर, म्हणजे यंत्रांची देखभाल सेवा देणारी कंपनीच करते अशा भाड्याच्या जागेवर, न्यायचे आहे. कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा, कोणत्या क्रमाने जावे आणि महिन्याचा खर्च कसा आवरावा, असे आपण विचारले आहे.

प्लॅटफॉर्मच्या निवडीवर बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त चर्चा होते आणि खरे तर तेच सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी संपवतो. वापरकर्ते नाशिक जिल्ह्यातले आहेत आणि डेटा शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचा आहे, त्यामुळे भारतातील रीजन (डेटा सेंटरचे ठिकाण) ही पहिली अट धरावी. गूगल क्लाउडचे मुंबई आणि दिल्ली येथे, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचे मुंबई आणि हैदराबाद येथे रीजन आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरचे सेंट्रल इंडिया रीजन तर पुण्यातच आहे. हेरोकू या प्लॅटफॉर्मचा सर्वसाधारण रनटाइम मात्र अमेरिका आणि युरोपपुरताच आहे. ॲप एका रीजनमध्ये आणि डेटाबेस दुसऱ्या रीजनमध्ये ठेवण्याचा विचारही करू नये. मुंबई आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्यात एका फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो; बागायतदाराच्या हिशेबाचे एक पान उघडताना जँगोने एकामागून एक तीस क्वेरी (डेटाबेसकडे विचारणा) केल्या, तर केवळ प्रवासात सहा सेकंद जातील. हाच डेटाबेस ॲपशेजारी असेल तर तो वेळ जाणवणारही नाही.

फुकट योजनेच्या भरवशावर व्यवसायाचे ॲप ठेवू नये, हेही येथेच सांगतो. हेरोकूने आपली मोफत सेवा २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद केली, तेव्हा अनेकांना घाईघाईने जागा बदलावी लागली. ऐन हंगामात तशी वेळ येणे आपल्याला परवडणार नाही.

आपल्या परिस्थितीत मी मुंबई रीजनमधील क्लाउड रन (गूगल क्लाउडची ॲप चालवण्याची सेवा) आणि त्याच रीजनमधील मॅनेज्ड पोस्टग्रेस निवडीन. कारण सरळ आहे. द्राक्षाचे काम जानेवारी ते एप्रिल जोरात असते, पावसाळ्यात ॲप कोणी उघडतही नाही, आणि क्लाउड रन मागणी नसेल तेव्हा इन्स्टन्सची, म्हणजे ॲपच्या चालू प्रतींची, संख्या शून्यावर आणते. शिवाय तेथे ॲप कंटेनर इमेजच्या रूपात (ॲप आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) जाते, म्हणजे उद्या अझ्युअर ॲप सर्व्हिसवर जायचे ठरले तरी तीच इमेज नेता येते. आपल्यापैकी कोणाला अझ्युअरचा हात बसलेला असेल तर तेच घ्यावे; या दोहोंतील फरक आपल्या ॲपच्या आकाराला निर्णायक नाही.

निर्णायक गोष्ट वेगळी आहे. मॅनेज्ड प्लॅटफॉर्म आपल्याला यंत्राच्या देखभालीतून मोकळे करतो, पण त्याच्या बदल्यात एक अट घालतो: आपल्या ॲपचा कोणताही इन्स्टन्स कोणत्याही क्षणी बंद होईल, नवा सुरू होईल, एकाच्या जागी पाच चालतील, आणि तरीही वापरकर्त्याला काही कळता कामा नये. पंचवटीतील धर्मशाळेत उतरलेला यात्रेकरू खोलीत मौल्यवान वस्तू ठेवून गोदावरीवर जात नाही. इन्स्टन्सलाही तसेच वागवावे. म्हणून डिप्लॉयची (ॲप प्लॅटफॉर्मवर चढवण्याची) पहिली आज्ञा टाइप करण्याआधी, आपले ॲप यंत्रावर काय काय ठेवते याची यादी कागदावर करावी. कार्यालयातल्या संगणकावर चालताना या गोष्टी कधी डोळ्यांसमोर येत नाहीत, कारण तो संगणक एकच असतो आणि उद्याही तोच असतो.

यादीत पहिले येतात काटापावत्यांचे फोटो. सध्या ते डिस्कवरच्या मीडिया फोल्डरमध्ये जात असणार. क्लाउड रनमध्ये कंटेनरची फाइल सिस्टिम मेमरीतच असते. लिहिलेली फाइल इन्स्टन्सबरोबर नाहीशी होते आणि असेपर्यंत आपल्याच मेमरीचा वाटा खाते. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजच्या (क्लाउडवरील फाइलसाठ्याच्या) खासगी बकेटमध्ये ठेवावेत, डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा मार्ग ठेवावा, आणि पाहण्यासाठी थोड्या वेळापुरती चालणारी स्वाक्षरीयुक्त लिंक द्यावी. बकेट सर्वांसाठी खुली करून टाकण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे फोटो लगेच दिसू लागतात. पण त्या पावत्यांवर नाव, गाव, वजन आणि दर असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि तो नसता तरी बागायतदाराला मिळालेला दर शेजाऱ्याला दिसणे कोणत्याही कंपनीला चालणार नाही.

दुसरी गोष्ट ओटीपी. जँगोचा कॅशे (तात्पुरता साठा) वेगळा ठरवून दिला नसेल तर तो त्या त्या प्रोसेसच्या मेमरीत राहतो. ओटीपी त्यात ठेवला आणि दोन इन्स्टन्स चालू असले, तर पहिला इन्स्टन्स ओटीपी पाठवतो, पडताळणीची विनंती दुसऱ्याकडे जाते आणि बागायतदाराला ओटीपी चुकीचा असल्याचे सांगितले जाते. तो पुन्हा प्रयत्न करतो तेव्हा योगायोगाने जुळतेही. असा कधी येणारा, कधी न येणारा दोष शोधण्यात दिवस जातात. यासाठी लगेच मॅनेज्ड रेडिस (मेमरीत चालणारा स्वतंत्र साठा) घेण्याची गरज नाही, कारण त्याचे भाडे चोवीस तास चालू राहते. जँगोचा डेटाबेसमधील कॅशे टेबल आपल्या वापराला पुरून उरेल.

याच जातीचा आणखी एक दोष सीक्रेट की, म्हणजे जँगो लॉगइनच्या सत्रावर सही करते ती गुप्त किल्ली, एका ठिकाणी कायम न ठेवल्याने येतो. ती सेटिंग्जमध्ये ॲप सुरू होताना यादृच्छिक तयार होत असेल, तर प्रत्येक इन्स्टन्सची की वेगळी होते आणि वापरकर्ता एका क्लिकला आत, पुढच्या क्लिकला बाहेर असा हेलपाटत राहतो. ही की, डेटाबेसचा पासवर्ड आणि बँकेच्या एपीआयची ओळखपत्रे प्लॅटफॉर्मच्या सीक्रेट मॅनेजरमध्ये ठेवावीत आणि ॲपला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (ॲप सुरू होताना बाहेरून दिलेल्या मूल्यांतून) द्यावीत. ती कधी काळी गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेली असतील तर फाइल खोडून भागत नाही, कारण इतिहासात ती राहतातच. ती बदलूनच घ्यावीत.

आता प्रत्यक्ष इमेजकडे येऊ. पहिल्या डिप्लॉयला ॲप सुरूच होत नाही, अशी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि तिचे कारण बहुधा एकच असते. प्लॅटफॉर्म ॲपला पोर्ट नावाच्या व्हेरिएबलमधून पोर्टचा, म्हणजे विनंत्या येण्याच्या दाराचा, क्रमांक देतो. क्लाउड रनमध्ये तो सहसा ८०८० असतो. ॲपने त्या पोर्टवर आणि ०.०.०.० या पत्त्यावर ऐकले पाहिजे. १२७.०.०.१ वर ऐकणारा सर्व्हर कंटेनरच्या आत उत्तम चालत असतो, पण बाहेरून कोणाला तो सापडत नाही, आणि प्लॅटफॉर्म ठरावीक वेळ वाट पाहून तो इन्स्टन्स बाद ठरवतो. जँगोचा रनसर्व्हर (ॲप बनवतानापुरता सर्व्हर) प्रत्यक्ष वापरात ठेवू नये, गुनिकॉर्न हा सर्व्हर वापरावा. पोर्ट व्हेरिएबल दिलेले असेल तर गुनिकॉर्न आपणहून योग्य पत्ता धरतो.

दुसरा अडथळा एचटीटीपीएसचा. प्रमाणपत्राचे काम प्लॅटफॉर्मच्या दारातच संपते आणि आत आपल्या ॲपपर्यंत साधी एचटीटीपी विनंती येते. जँगोमध्ये एसएसएल रिडायरेक्ट चालू केलेले असेल आणि पुढे आलेला प्रोटोकॉल हेडर वाचायला सांगितलेले नसेल, तर ॲपला प्रत्येक विनंती असुरक्षित वाटते, ते तिला पुन्हा एचटीटीपीएसकडे वळवते आणि ब्राउझर गोल गोल फिरत बसतो. त्यासाठी सिक्युअर प्रॉक्सी हेडरची सेटिंग आहे. जँगो ४.० पासून सीएसआरएफच्या (परक्या साइटवरून खोटे फॉर्म येऊ न देणाऱ्या संरक्षणाच्या) विश्वसनीय ओरिजिनमध्ये एचटीटीपीएससह पूर्ण पत्ता लिहावा लागतो, तो राहिला तर पान दिसते पण फॉर्म पाठवताच ४०३ (परवानगी नाही) येतो. स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रे वगैरे) एकत्र करणारी कलेक्टस्टॅटिक ही आज्ञा इमेज बांधतानाच उरकावी आणि त्या फाइल्स व्हाइटनॉइज या लायब्ररीकडून द्याव्यात. आपल्या आकाराच्या ॲपला एवढे पुरे.

पार्श्वभूमीवरच्या कामांकडे विशेष लक्ष द्यावे. पावती नोंदवल्यावर एसएमएस पाठवण्यासाठी आपण थ्रेड (समांतर चालणारे काम) सुरू करून लगेच उत्तर परत देत असाल, तर क्लाउड रनच्या नेहमीच्या आकारणीत तो थ्रेड अडेल, कारण विनंतीचे उत्तर गेले की इन्स्टन्सचा सीपीयू आवळला जातो. एसएमएस कधी पुढच्या विनंतीबरोबर जाईल, कधी जाणारच नाही. असे काम रांगेत टाकावे आणि रांगेने ते स्वतंत्र विनंती म्हणून ॲपकडे आणावे. रोजची देयके काढणारा क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) कार्यालयातील संगणकाबरोबर मागे राहील. त्याच्या जागी क्लाउड शेड्युलर घ्यावा आणि त्यात टाइम झोन आशिया कोलकाता असा स्पष्ट लिहावा.

वेळेचा हा मुद्दा वरवरचा नाही. क्लाउडवरील यंत्रे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली मध्यरात्र म्हणजे तेथील संध्याकाळचे साडेसहा, आणि तेथील मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाचची वेळ. पहाटे पाच वाजता काटा सुरू झाला आणि अहवालाच्या क्वेरीत यूटीसीप्रमाणे तारीख काढली जात असली, तर साडेपाचपूर्वीच्या सगळ्या पावत्या आदल्या दिवसात जमा होतील. एकूण बेरीज बरोबर येईल, रोजची चुकेल, आणि बागायतदाराच्या हातातील पावतीशी हिशेब जुळणार नाही. जँगोच्या ओआरएममधून (पायथॉनमधूनच डेटाबेस हाताळण्याच्या सोयीतून) काढलेल्या तारखा सेटिंग नीट असेल तर सांभाळल्या जातात. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये ही चूक राहते. अशा सगळ्या क्वेरी शोधून, पहाटेच्या पावत्या मुद्दाम घालून तपासाव्यात.

डेटाबेसच्या जोडण्यांचे गणित आधीच मांडावे. पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते आणि त्यातील तीन व्यवस्थापकासाठी राखीव असतात. मॅनेज्ड सेवेत ही संख्या मेमरीप्रमाणे कमीजास्त असते, पण लहान यंत्रावर ती याच्या आसपास किंवा कमी असते असे धरून चालावे. गुनिकॉर्नचे दोन वर्कर (स्वतंत्र प्रोसेस) आणि प्रत्येकी चार थ्रेड असतील तर एका इन्स्टन्सला आठ जोडण्या लागतात. क्लाउड रनला मोकळे सोडले आणि गर्दीत त्याने वीस इन्स्टन्स उभे केले, तर १६० जोडण्यांची मागणी होईल आणि पोस्टग्रेस "टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" म्हणून दार लावून घेईल. येथे अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे इन्स्टन्स काही काळ एकत्र चालतात, त्यामुळे त्या वेळी मागणी दुप्पट होऊ शकते. म्हणून कमाल इन्स्टन्स पाच ठेवावेत: पाच आठे चाळीस, दुप्पट झाले तरी ऐंशी, आणि मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतील बदल लागू करणे) व अहवालांसाठी जागा शिल्लक. एका वेळी एका इन्स्टन्सकडे किती विनंत्या याव्यात हा आकडाही क्लाउड रनमध्ये आपल्या थ्रेडच्या संख्येशी जुळवावा. मूळ ८० तसाच ठेवला तर आठ थ्रेडच्या मागे बहात्तर विनंत्या ताटकळत राहतील आणि प्लॅटफॉर्मला मात्र सगळे आलबेल वाटेल.

सर्वांत जपून हाताळायची गोष्ट म्हणजे डेटाबेसच्या रचनेतील बदल. एक उदाहरण घेतो. समजा पावतीच्या टेबलात वजन नावाचा एक कॉलम आहे आणि आता क्रेटचे वजन वजा करून निव्वळ वजन वेगळे ठेवायचे आहे. कार्यालयातील संगणकावर आपण ॲप थांबवले असते, कॉलमचे नाव बदलून एकूण वजन केले असते, निव्वळ वजनाचा नवा कॉलम घातला असता आणि ॲप पुन्हा सुरू केले असते. मॅनेज्ड प्लॅटफॉर्मवर नवा इन्स्टन्स तयार होऊन विनंत्या घेऊ लागेपर्यंत जुना चालूच असतो, आणि दोघेही त्याच टेबलाशी बोलत असतात. नाव बदलले त्या क्षणी जुन्या इन्स्टन्सला वजन हा कॉलम सापडेनासा होतो आणि काट्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची नोंद ५०० ही सर्व्हरची चूक देऊन अडते.

म्हणून हे काम तीन वेगवेगळ्या डिप्लॉयमध्ये करावे. पहिल्यात फक्त नवे दोन कॉलम घालावेत, तेही रिकामे चालणारे. जुन्या कोडला त्यांच्याशी काही देणेघेणे नसते. दुसऱ्यात कोडने जुना आणि नवे असे सगळे कॉलम लिहावेत आणि मागच्या पावत्यांचे आकडे एका स्वतंत्र जॉबने थोडे थोडे करून भरावेत, सगळे टेबल एकाच व्यवहारात कुलूपबंद करू नये. जॉब पूर्ण झाला आणि बेरजा जुळल्या की वाचन नव्या कॉलमवरून सुरू करावे. काही दिवस सुरळीत गेल्यावर तिसऱ्या डिप्लॉयमध्ये जुना कॉलम काढावा, आणि तोही जँगोच्या मॉडेलमधून आधी, टेबलातून नंतर. वेळ लागतो हे खरे. पण क्लाउड रनमध्ये जुन्या आवृत्तीकडे सगळी वाहतूक (येणाऱ्या विनंत्या) काही सेकंदांत परत वळवता येते, आणि ती सोय उपयोगी पडण्यासाठी डेटाबेस जुन्या कोडला समजेल असा राहिलेला असावा लागतो. कोड मागे नेता येतो, डेटाबेस तसा नेता येत नाही.

मायग्रेशनची आज्ञा ॲपच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालू नये. तीन इन्स्टन्स एकाच वेळी उठले तर तिघेही ती चालवू पाहतील. वाहतूक वळवण्यापूर्वी ती एकदाच, स्वतंत्र जॉब म्हणून चालवावी. नवी आवृत्ती आधी वाहतुकीशिवाय चढवून, तिच्या वेगळ्या पत्त्यावर लॉगइन, पावतीची नोंद आणि फोटो एवढे तपासावे, मगच वाहतूक सोडावी. जुना इन्स्टन्स बंद करताना प्लॅटफॉर्म सिगटर्म हा इशारा देतो. क्लाउड रन त्यानंतर दहा सेकंद थांबते, हेरोकू तीस सेकंद थांबते, आणि मग प्रोसेस सक्तीने बंद होते. हातातली विनंती एवढ्यात पुरी होईल असे पाहावे. कंटेनर शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल, तर इशारा शेलपाशीच अडून गुनिकॉर्नपर्यंत पोहोचत नाही, म्हणून स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एक्झेक वापरावे.

बँकेच्या एपीआयबाबत एक अडचण आपल्याला शेवटच्या आठवड्यात कळण्यापेक्षा आज कळलेली बरी. बँका सहसा ठरावीक आयपी पत्त्यावरून आलेल्या विनंत्याच स्वीकारतात. कार्यालयातील ब्रॉडबँडला स्थिर आयपी होता म्हणून ते जमले. क्लाउड रनमधून बाहेर पडणाऱ्या विनंत्यांचा पत्ता मात्र ठरलेला नसतो. त्यासाठी ॲपची बाहेर जाणारी वाहतूक व्हीपीसीमधून (आपल्या खासगी नेटवर्कमधून) नेऊन, राखीव आयपी असलेल्या क्लाउड नॅटमधून बाहेर काढावी लागते. हा आयपी लवकर घेऊन बँकेकडे आजच अर्ज द्यावा, कारण त्या बाजूची मंजुरी आपल्या हातात नाही. डेटाबेसही खासगी पत्त्यावरच ठेवावा. घरून पाहता यावे म्हणून तो सगळ्या जगाला उघडा करू नये.

खर्चाबाबत नेमका आकडा मी येथे देत नाही, कारण तो आपल्या निवडीनुसार आणि डॉलरच्या दरानुसार बदलेल. तो कुठून येतो हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. आपल्या बिलात ॲपचा वाटा सर्वांत लहान असेल. मोठा वाटा डेटाबेसचा, कारण तो रात्री, रविवारी आणि पावसाळ्यातही चालू असतो. त्याखालोखाल नॅट, बॅकअप आणि लॉग. वर १८ टक्के जीएसटी. बजेटची सूचना लावून ठेवावी, पण ती केवळ ईमेल पाठवते, खर्च थांबवत नाही. खर्चाला खरा लगाम कमाल इन्स्टन्सच्या आकड्याचा असतो. हंगामात किमान एक इन्स्टन्स सतत जागा ठेवावा, म्हणजे पहाटेच्या पहिल्या पावतीला ॲप उठण्याची वाट पाहावी लागणार नाही. एप्रिलनंतर तो शून्यावर आणावा.

पैसे भरण्याची व्यवस्था आधी तपासावी. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरील आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत आणि जून २०२२ मध्ये केलेल्या बदलानुसार १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम अतिरिक्त पडताळणीशिवाय कापली जाऊ शकते, त्याहून मोठ्या रकमेला प्रत्येक वेळी मंजुरी लागते. परदेशी सेवांचे बिल कार्डावर नीट न कापले गेल्याने सेवा थांबवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. बिल भारतीय कंपनीकडून रुपयांत येईल अशी सेवा घ्यावी, खाते उत्पादक कंपनीच्या नावावर असावे आणि बिलाचा ईमेल आपल्या दोघांबरोबर त्यांच्या हिशेबनीसालाही जावा.

क्लाउड काय सोडवत नाही, हेही कंपनीला आधी सांगावे. कार्यालयातील विजेचा प्रश्न सुटेल. बांधावरच्या रेंजचा सुटणार नाही. काट्यावरचा फोन नेटवर्कबाहेर गेला तर पावती फोनमध्येच साठून राहिली पाहिजे आणि रेंज येताच पाठवली गेली पाहिजे. अशा वेळी उत्तर पोहोचले नाही म्हणून फोन तीच पावती पुन्हा पाठवतो, तेव्हा एकाच मालाच्या दोन नोंदी होतात. फोननेच प्रत्येक पावतीला तयार करतानाच एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळख क्रमांक) द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन असावे. दुसऱ्यांदा आलेली पावती ॲपने चूक न मानता पहिलीच नोंद परत द्यावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी निवास किंवा पार्किंगची ॲप करणाऱ्या नाशिकच्या मंडळींनाही मी हेच सांगतो, कारण पर्वणीच्या दिवशी सर्व्हरच्या आधी मोबाइल नेटवर्क कोंडते.

बॅकअपची टिकमार्क लावली म्हणजे बॅकअप झाला असे समजू नये. रोजचा स्वयंचलित बॅकअप आणि हव्या त्या क्षणापर्यंत परत जाण्याची सोय, म्हणजे पॉइंट इन टाइम रिकव्हरी, दोन्ही चालू करावे. मग हंगामाआधी एकदा, आदल्या दिवशी दुपारी साडेतीनची स्थिती वेगळ्या डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष उभी करून पाहावी, ॲपची चाचणीची आवृत्ती तिला जोडावी आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. कोणी चुकून एका दिवसाच्या पावत्या खोडल्या तर कंपनीला उत्तर देताना हाच वेळ सांगावा लागेल. याखेरीज आठवड्यातून एक पीजी डम्प (संपूर्ण डेटाबेसची नक्कल) वेगळ्या क्लाउड खात्यातील बकेटमध्ये जाऊ द्यावा. मूळ खाते बिलामुळे किंवा कोणाच्या चुकीमुळे बंद झाले तरी तो हाती राहील.

लॉग स्टँडर्ड आउटपुटवर लिहावेत, फाइलमध्ये नाही. गूगलकडे ते मुळात तीस दिवस राहतात. विनंतीचा संपूर्ण मजकूर लॉगमध्ये टाकण्याची सवय असेल तर ती येथे मोडावी, कारण त्यात आधार क्रमांक आणि खाते क्रमांक जातील.

प्रत्यक्ष स्थलांतर डिसेंबरमध्ये, म्हणजे माल सुरू होण्यापूर्वी करावे. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (ॲपच्या नावामागचा पत्ता इतरांनी लक्षात ठेवण्याचा काळ) तीनशे सेकंदांवर आणावा. ठरलेल्या रात्री जुन्या ॲपवर नोंदी बंद करून फक्त वाचन चालू ठेवावे, पीजी डम्प घ्यावा आणि नव्या डेटाबेसमध्ये भरावा. नवी पोस्टग्रेस आवृत्ती जुन्याइतकी किंवा वरची असावी. नंतर दोन्हीकडे पावत्यांची संख्या, एकूण वजन आणि देय रक्कम गावागणिक काढून शेजारी ठेवावी, कारण एकच मोठी बेरीज जुळली म्हणून आतील फरक उघडा पडेलच असे नाही. बागायतदारांची यादी अकारविल्हे येते का, हेही पाहावे. नव्या डेटाबेसचे कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम) वेगळे असेल तर देवनागरी नावांचा क्रम बदलतो, आणि मराठीसाठीचे आयसीयू कोलेशन लावून तो दुरुस्त करता येतो. फोटोंची नक्कल आधीच सुरू करून त्या रात्री फक्त नवे फोटो न्यावेत. बेरजा जुळल्यावर डीएनएस बदलावा, प्रमाणपत्र तयार झाल्याची खात्री करावी आणि काट्यावरच्या प्रत्यक्ष फोनवरून एक पावती नोंदवून ती रद्द करावी.

जुना संगणक महिनाभर फक्त वाचनासाठी ठेवावा, त्यावरील क्रॉन मात्र त्याच रात्री बंद करावा, नाहीतर दोन्हीकडून देयके निघतील. महिना उलटल्यावर त्याची डिस्क नीट पुसूनच तो संगणक इतर कामाला द्यावा.